डभोईला कोण थांबेल? लहान नगरपालिकेने पर्यटनाची क्षमता कशी तपासावी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी बडोद्याजवळच्या डभोई नगरपालिकेची सदस्य आहे. आमचं घराणं गायकवाडी नोकरीच्या निमित्ताने चार पिढ्यांपूर्वी इथे आलं. एकता नगरच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याकडे जाणारी गर्दी आमच्या अंगावरून जाते, मग आपणही पर्यटन वाढवू, असा विषय सभेत आला आहे. एका सल्लागाराने आराखडा दाखवलाय. त्यात स्वागतकमान, संगीत कारंजं, लेझर शो सगळं आहे. पण गावात खरोखर दम आहे का, हे आम्ही स्वतः कसं तपासायचं? सल्लागार नेमावा की नाही?"

ताई, नगररचनेच्या कामात माझी तीस वर्षं गेली, त्यातली निम्मी बडोद्याच्या आसपासच्या लहान गावांत. माझं मत आधीच सांगून टाकतो. डभोई हे मुक्कामाचं गाव होणार नाही, थांब्याचं होऊ शकेल. दुसरीकडे निघालेला माणूस तुमच्याकडे दोन-अडीच तास रमेल का, आणि रमला तर त्याच्या मागची झाडलोट नगरपालिकेला झेपेल का, एवढंच तपासायचं आहे. सल्लागाराचा आराखडा या दोन्ही प्रश्नांना बगल देऊन थेट कमानीवर आलेला दिसतोय.

सगळ्या अहवालांचं पहिलं प्रकरण एकच असतं, "आपल्याकडे काय काय आहे". ते लिहायला मजा येते आणि त्यावर भांडण होत नाही, म्हणून त्यातच तीन महिने जातात. डभोईची यादी मी बसल्या जागी देतो. डभोई म्हणजे जुनी दर्भावती. चार दिशांना चार दरवाजे: पूर्वेची हिरा भागोळ, पश्चिमेचा बडोद्याचा, उत्तरेचा चांपानेरी आणि दक्षिणेचा नांदोदी. हिरा भागोळीला लागून कालिकामातेचं देऊळ, ज्याच्या भिंतीवर बोट ठेवायलाही कोरीवकाम नसलेली जागा सापडत नाही. राजा वीसलदेव वाघेल्याच्या काळातली, कवी सोमेश्वराची १२५३ सालची प्रशस्ती, म्हणजे दगडात कोरलेलं स्तुतिकाव्य. गुजराती गरबी गीतांचे कवी दयाराम नर्मदाकाठच्या चांदोदचे, पण आयुष्य काढलं डभोईत. १८६२ साली डभोई ते मियागाम ही अडीच फुटी रेल्वे गायकवाडांनी सुरू केली आणि सुरुवातीला ती चक्क बैलांनी ओढली. देशातली ही पहिली नॅरोगेज. इंजिनं पेलतील असे भक्कम रूळ टाकले ते १८७३ मध्ये. गावाबाहेर वढवाणा तलाव, सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला आणि २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. आणि आपल्या लोकांसाठी १ एप्रिल १७३१ ची डभईची लढाई. शाळेत आपण डभई म्हणत होतो, ती हीच डभोई. बाजीरावांनी सेनापती त्र्यंबकराव दाभाड्यांना भिलापूरजवळ गाठलं आणि सेनापती तिथे पडले. पिलाजीराव गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने लढत होते, त्यांचा मुलगा त्या दिवशी गेला.

यादी झाली. आता खरं काम. प्रत्येक नावापुढे पाचपैकी गुण देण्याची पद्धत आहे: वेगळेपणाला इतके, स्थितीला इतके, पोहोचण्याच्या सोयीला इतके. मग त्यांना भारांक लावून बेरीज करायची. मीही वर्षानुवर्षं केलं. पण भारांक थोडे इकडेतिकडे केले की हवं ते ठिकाण पहिलं येतं, हे करणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्यापेक्षा नावापुढे मिनिटं लिहा. पुण्याहून नाहीतर सुरतेहून आलेला, गावाबद्दल काहीच माहीत नसलेला एखादा पाहुणा घ्या. त्याला हिरा भागोळीपाशी सोडा आणि काही न सांगता घड्याळ बघत बसा. माझा अनुभव असा की आठ-दहा मिनिटांत तो तीन फोटो काढून "आता कुठे?" विचारतो. त्याच जागी दुसऱ्या पाहुण्याला हिरा सलाटाची, म्हणजे हिरा पाथरवटाची, गोष्ट सांगा. दगड चोरून त्याने प्रेयसीसाठी, टेनसाठी, तलाव बांधला, म्हणून राजाने त्याला भिंतीत चिणलं, तिने फटीतून तूप घालून त्याला जगवलं, आणि दरवाजा दुसऱ्या कोणाला पुरा करता येईना म्हणून राजाला त्याला बाहेर काढावं लागलं. लोककथाच आहे, इतिहास म्हणून विकू नका. पण ती ऐकल्यावर माणूस दगडांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो आणि चाळीस मिनिटं हलत नाही. गावातली सगळ्यात स्वस्त गुंतवणूक ही अशी बोलायला शिकवलेला एक माणूस आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात पुरातत्त्व आणि संग्रहालयशास्त्राचे विभाग आहेत, आणि संग्रहालयशास्त्र तर १९५२ पासून शिकवतात. दोन दिवस शिकवायला माणसं बडोद्यातच मिळतील.

दर्जा मोठा म्हणून लोक येतील, या समजुतीवर एक उतारा सांगतो. पावागड-चांपानेरला जाऊन या. २००४ पासून जागतिक वारशात आहे. माताजीच्या दर्शनाला लाखो लोक डोंगर चढतात, १९८६ पासून रोपवे आहे. आणि पायथ्याला, चांपानेरच्या जामा मशिदीच्या खांबांत उभे राहिलात तर पारव्यांचे पंख ऐकू येतात. बसमधून उतरलेला माणूस आईच्या दर्शनाला आलेला असतो. त्याने शंभर पावलं आड यावं असं त्याला कोणी कारणच दिलेलं नसतं. डभोईत तुमची अवस्था याच्याही पुढची आहे, कारण तुमचा माणूस बसमधून उतरतच नाही.

म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्यांची मोजणी. आणि मोजणीचा दिवस निवडण्यातच बहुतेक चुका होतात. माझी स्वतःची सांगतो. नर्मदाकाठच्या एका गावी मी रविवारी मोजणी लावली आणि तो आकडा बावन्नने गुणून वर्षाचा अंदाज दिला. रविवारी अमावास्या होती, हे माझ्या लक्षात आलं अहवाल छापून झाल्यावर. त्या आकड्यावर पार्किंग बांधलं गेलं. पुढे कित्येक वर्षं तिथे लग्नाचे मंडप पडत होते. तुमच्या शेजारी करनाळीचं कुबेर भंडारी देवस्थान आहे, अमावास्येला तिथे काय लोटतं ते तुम्ही पाहिलंच असेल. तेव्हा कमीत कमी सहा दिवस मोजा: हिवाळ्यातला रविवार, हिवाळ्यातला साधा बुधवार, एक अमावास्या, दिवाळीनंतरच्या सुट्टीतला दिवस, मे महिन्यातला रविवार आणि एक सोमवार. सोमवार अशासाठी की पुतळा सोमवारी बंद असतो. त्या दिवशी रस्त्यावर जे उरतात ते पुतळ्याचे नाहीत, तुमचे किंवा देवाचे आहेत. ही वजाबाकी फुकटात मिळते.

मोजताना दिशा आणि तास वेगळे लिहा. सकाळी सात ते नऊ जाणारी गाडी घाईत असते, कारण पुतळ्याच्या दर्शक-गॅलरीचं तिकीट वेळेच्या खिडकीचं असतं. तिला तुमच्याकडून फक्त चहा आणि संडास हवा. तीच गाडी संध्याकाळी परतते तेव्हा मुलं चिडचिडलेली, पाय दुखत असलेले, आणि बडोदं अजून तीस किलोमीटर. थांबायची इच्छा तेव्हा असते. पण हिवाळ्यात सहाला अंधार पडतो आणि भागोळ काळोखात गडप होते. म्हणजे सकाळच्या गर्दीकडे बघून केलेला आराखडा आणि संध्याकाळच्या गर्दीकडे बघून केलेला आराखडा ही दोन वेगळी गावं आहेत. सल्लागाराला विचारा त्याने कोणत्या वेळी मोजलं.

रस्त्यावर पोरं उभी करणं जमत नसेल त्या दिवसांसाठी गावाचे स्वतःचे हिशेब असतात. स्टेशनजवळच्या चहावाल्याने त्या दिवशी किती लिटर दूध घेतलं. देवळाबाहेरच्या फुलवालीच्या टोपल्या. धर्मशाळेचं रजिस्टर. एसटी डेपोची तिकीटविक्री. आणि तुमच्याच हातातली सगळ्यात खरी वही, त्या वॉर्डातून कचऱ्याच्या किती फेऱ्या झाल्या. माणूस सर्व्हेच्या कागदावर खोटं लिहितो, कचरा लिहीत नाही. या वह्या वर्षभर ठेवल्या तर सहा दिवसांची मोजणी त्यांच्याशी ताडून बाकीचे दिवस अंदाजता येतात.

आता असा एक प्रवाह सांगतो जो गुजराती सल्लागाराला दिसणार नाही, पण तुम्हाला दिसायला हवा. गरुडेश्वर. टेंबे स्वामींची समाधी, १९१४ सालची. पुण्याहून, कोल्हापूरहून, कोकणातून दत्तभक्तांच्या बसेस वर्षभर तिकडे जातात. चैत्रात नर्मदेची उत्तरवाहिनी परिक्रमा असते, रामपुरा-तिलकवाड्याकडे. एका दिवसात पायी होते, म्हणून नोकरदार मंडळीही करतात, आणि त्यात मराठी माणूस केवढा असतो ते कानांनीच कळतं. चांदोदला श्राद्धविधीसाठी, अस्थी घेऊन बडोद्यातली मराठी घरं जातातच. माझ्या वडिलांच्या वेळी मीही डभोईवरून गेलो होतो, आणि परतताना घरच्या बायकांसाठी बरी जागा शोधत अर्धा तास फिरलो होतो. ही सगळी मंडळी साठीच्या पुढची, शांत, शाकाहारी, वेळेवर जेवणारी. लेझर शोला थांबणार नाहीत. वरण-भाताचं साधं ताट, बसायला सावली, कमोड असलेला स्वच्छ संडास, आणि "बाजीराव इथे लढले" हे मराठीतून सांगणारं कोणी मिळालं तर दर वेळी इथेच बस थांबवतील, आणि ट्रॅव्हलवाला ते आपल्या पत्रकात छापेल. १७३१ च्या लढाईला २०३१ मध्ये तीनशे वर्षं होतील. तयारीला वेळ आहे. फक्त एक सांभाळा. त्या दिवशी दोन्ही बाजूंना मराठेच होते. जयजयकाराचा फलक लावाल तर दाभाड्यांच्या आणि गायकवाडांच्या बाजूचं काय, असं बडोद्यातलाच कोणी विचारेल, आणि बरोबर विचारेल.

दुसरा लहान पण शहाणा प्रवाह वढवाण्याचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पट्टकादंब आणि बदकं उतरतात, पक्षी बघणारे बडोद्याहून पहाटे पाचला निघतात आणि दहाला त्यांचं बघून होतं. दहा वाजता ते भुकेले असतात. गावात चांगली सेव-उसळ आणि पाय धुवायला पाणी एवढं मिळालं तरी त्यांतले निम्मे डभोईत शिरतील. हा माझा अंदाज आहे, तुम्ही तलावाच्या वाटेवर चार रविवार विचारून बघा.

आता पैसे. इथे मी कल्पित आकडे घेतो, तुमची मोजणी झाली की यांच्या जागी खरे घाला. समजा सुट्टीच्या दिवशी ३,००० गाड्या जातात आणि त्यातल्या शंभरात दोन थांबल्या. ६० गाड्या, गाडीत चौघं, म्हणजे २४० माणसं. माणशी १२० रुपये धरले तर दिवसाला २८,८०० रुपये बाजारात आले. शनिवार-रविवार आणि सण मिळून वर्षाचे ११० दिवस धरा: ३१ लाख ६८ हजार. ऐकायला झकास. पण बाटलीबंद पाणी, बिस्किटं, पेट्रोल यांचा पैसा गावात टिकत नाही. निम्मा टिकला असं समजू, म्हणजे सोळा लाखांच्या आतबाहेर.

आता नगरपालिकेची बाजू. गाडीमागे ३० रुपये पार्किंग: वर्षाला १ लाख ९८ हजार. संडासाचे माणशी ५ रुपये: १ लाख ३२ हजार. दहा लाऱ्यांना, म्हणजे हातगाड्यांना, जागा देऊन महिना दोन हजार भाडं: २ लाख ४० हजार. एकूण ५ लाख ७० हजार. खर्चात चार माणसं, महिना पंधरा हजारांनी, वर्षाचे ७ लाख २० हजार. वीज, पाणी, दुरुस्तीचे दीड लाख. बेरीज ८ लाख ७० हजार. तूट तीन लाख.

मी ज्या ज्या गावात हा तक्ता मांडला, तिथे सभागृहात एकदम शांतता पसरली. कारण कोणाच्या डोक्यात हे आलेलंच नसतं की गाव कमावतं आणि नगरपालिका गमावते, दोन्ही एकाच वेळी. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गावाला सोळा लाख मिळावेत म्हणून तीन लाख सोसायचे, हा सभेने उघड्या डोळ्यांनी घेतलेला चांगला निर्णय असू शकतो. वाईट काय, तर तूट माहीत नसताना उद्घाटन करणं. तसं केलं की तिसऱ्या वर्षी संडासाला कुलूप लागतं, कारण राखणदाराचा पगार कुठल्या खात्यातून द्यायचा ते कोणालाच माहीत नसतं. कारंज्याचा हिशेब याच तक्त्यात मांडून बघा. पंप, वीज, पाणी आणि ते दुरुस्त करणारा माणूस बडोद्याहून. बांधायला अनुदान मिळतं, चालवायला मिळत नाही. लहान नगरपालिकांच्या आवारात कोरडी पडलेली जेवढी कारंजी मी पाहिली आहेत, तेवढे पर्यटक पाहिलेले नाहीत.

पुढचा मुद्दा किती माणसं झेपतील याचा. कोस्टा रिकात १९९२ साली प्रसिद्ध झालेली सिफुएंतेस यांची पद्धत बहुतेक सगळे वापरतात, सल्लागारही तीच दाखवेल. आधी जागेच्या मापाने वरची मर्यादा काढायची. समजा भागोळीपुढचं अंगण ६०० चौरस मीटर, माणशी ४ चौरस मीटर, म्हणजे एका वेळी १५० माणसं. नऊ तास उघडं आणि एकाला पाऊण तास, म्हणजे बारा पाळ्या. दिवसाला १,८०० माणसं. मग ऊन, पाऊस, वाहतूक यांनी काटछाट करायची. मेमध्ये अकरा ते पाच तिथे उभं राहवत नाही, म्हणजे सहा तास आणि आठ पाळ्या गेल्या, आकडा ६०० वर आला. शेवटी सांभाळणाऱ्या यंत्रणेची कुवत किती, त्याने पुन्हा कापायचं.

अहवालांत ही शेवटची पायरी अर्ध्या ओळीत उरकतात, आणि लहान गावात तीच सगळं ठरवते. बायकांसाठी दोन संडास आहेत असं धरा. एका बाईला पाच मिनिटं. दोन्ही मिळून तासाला चोवीस. एका बसमधून पंचवीस बायका उतरतात. झालं, तुमच्या गावाची क्षमता तासाला एक बस. अंगणात १५० माणसं मावतात की ५००, याने काडीचा फरक पडत नाही. दुसरी बस आली की तिचा ड्रायव्हर रांग बघून पुढच्या ढाब्यावर नेतो आणि परत कधी वळत नाही. माझ्या हातात तुमचं बजेट असतं तर मी पहिला पैसा बायकांच्या आठ संडासांवर, पाण्याच्या टाकीवर आणि सेप्टिक टँक उपसण्याच्या कराराकडे वळवला असता. याचं उद्घाटन करायला मंत्री येत नाहीत, हे मला माहीत आहे.

पण ते बांधायचे कुठे? इथे मालकीचा तक्ता लागतो, तोही आधीच. हिरा भागोळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीने. चार दरवाज्यांभोवती नकाशावर ही वर्तुळं काढून पाहा, गावाचा केवढा तुकडा त्यात अडकतो ते दिसेल. सल्लागाराच्या नकाशात भागोळीला चिकटून "पर्यटक सुविधा केंद्र" काढलं असेल तर त्याने कायदा वाचलेला नाही. वढवाणा पाटबंधारे आणि वन खात्याच्या अखत्यारीत. स्टेशन रेल्वेचं. मोठा रस्ता राज्याच्या मार्ग-मकान (रस्ते-इमारत) विभागाचा. देवळं विश्वस्तांची. चांदोद आणि करनाळी तर ग्रामपंचायतींची, आणि २०२३ च्या सप्टेंबरात नर्मदेचं पाणी चांदोदमध्ये शिरलं होतं, तेव्हा तिथल्या घाटावर काही कायमचं उभारण्याच्या गोष्टी जपून करा. मग नगरपालिकेचं काय उरतं? आतले रस्ते, गटारं, दिवे, पाणी, कचरा, संडास, बाजार. राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांची अठरा कामं दिली आहेत, त्यांत पर्यटन हा शब्द नाही. मला यात अडचण दिसत नाही. जे उरलं आहे त्यातल्याच गोष्टींसाठी गाडी थांबते किंवा थांबत नाही.

लाऱ्यांबद्दल एक वाक्य. त्यांना हाकलून "सुशोभीकरण" करू नका. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, नगर विक्रय समितीत बसून त्यांना जागा आखून द्या. गल्ला त्यांचाच वाढणार आहे, भाडंही तेच देणार आहेत.

मोठे जुने वाडे असतील तर गुजरातच्या वारसा-पर्यटन धोरणात १ जानेवारी १९५० पूर्वीच्या वास्तूंना हॉटेल, संग्रहालय वगैरेंसाठी साहाय्याची तरतूद केली होती. सध्याचे नियम जिल्हा कचेरीतून तपासून घ्या. पण मुक्कामाच्या खोल्या ही तुमची पाचव्या वर्षाची गोष्ट आहे. बडोदं अर्ध्या-पाऊण तासावर असताना डभोईत रात्र काढायला कारण लागतं, आणि ते आज नाही.

आता लोक. पर्यटनाबद्दल गावकऱ्यांच्या मनाचा चढउतार डॉक्सी नावाच्या अभ्यासकाने १९७५ साली चार पायऱ्यांत मांडला होता: आधी कौतुक, मग सवय, मग वैताग, शेवटी वैर. हिरा भागोळीच्या आतल्या गल्लीत राहणाऱ्याला विचारल्याशिवाय आराखडा मंजूर करू नका. त्याच्या दारात गाडी लागणार आहे. वाहतूक आजही त्या दरवाज्यांच्या अवतीभवतीच वाहते. प्रश्नावली नको, ओट्यावर बसून तीनच गोष्टी विचारा: कोणत्या दिवशी त्रास होतो, कशाचा होतो, आणि तुमच्या घरातलं कोणी यातून कमावू शकेल का. तिसऱ्या प्रश्नाला बायका जास्त चांगलं उत्तर देतात, त्यांना वेगळं बसवून विचारा. बोहरवाडा, जैन मंडळी, देवीपूजक वस्ती, सगळीकडे जा. एका मोहल्ल्याचं मत म्हणजे गाव नव्हे.

उत्तर "नाही" आलं तर? येऊ शकतं. मोजणीत शंभरात अर्धीसुद्धा गाडी थांबायला तयार दिसली नाही, तर ठराव करा की पर्यटनावर खर्च नको, आहे ते स्वच्छ ठेवू. अशा अहवालाची फी मी दोनदा घेतली आहे. एका ठिकाणी पुढची फी बुडाली, दुसऱ्या गावाचे लोक अजून भेटले की चहा पाजतात. डभोईबद्दल मात्र मला वाटतं उत्तर मधलं येईल: संध्याकाळचा थांबा होईल, मराठी यात्रेकरूंचा जेवणाचा थांबा होईल, पक्षीवाल्यांची न्याहारी होईल. तिन्हींच्या वेळा वेगळ्या आहेत आणि तिघांना तेच आठ संडास पुरतात.

सल्लागार नेमावा का, हे विचारलंत. मोजणीसाठी नको. कॉलेजची मुलं, चार हजेरीवह्या आणि एक देखरेख करणारा शिक्षक एवढ्याने होतं. शिवाय मोजताना तुमची मुलं गाव शिकतात. मोजणी झाल्यावर नकाशे, अंदाजपत्रक, पुरातत्त्व खात्याची परवानगी यांसाठी जाणकार लागेल, तेव्हा नेमा. नेमताना त्याला तीन गोष्टी मागा. मोजणीचे मूळ कागद, तारखेसह. पाच वर्षांचा चालवण्याचा खर्च, ओळीओळीने. आणि त्याने पूर्वी केलेल्या एखाद्या लहान गावाचं नाव, जिथे काम होऊन पाच वर्षं झाली आहेत. मग त्याला न सांगता, एखाद्या साध्या बुधवारी, त्या गावाला जाऊन संडास उघडा आहे का बघून या.

तुमची पहिली मोजणी येत्या अमावास्येला धरा आणि दुसरी तिच्या पुढच्या बुधवारी. कागद घेऊन बडोद्याला आलात तर दांडिया बाजारात माझ्याकडे या, दुपारी चारनंतर घरीच असतो. अंगणाची मापं टेपने घेऊन या, पावलांनी नको.